र आणि ल यांच्यामधली रेघ

आमच्या बाबांना सगळं गाव यार्ल म्हणायचं. दुकानात शिरले की काउंटरमागून ब्योर्गुल्व ओरडायचाच, "या यार्लसाहेब! आज पायीच स्वारी?" बाबा रबरी बूट उंबऱ्यावर आपटून चिखल झाडायचे आणि म्हणायचे, "घोडा मेंढ्या राखतोय." हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा मात्र दर वेळी हसायचे.

यार्ल म्हणजे राजाच्या खालोखालचा माणूस. कोणे एके काळी आमच्या किनाऱ्यावर असे यार्ल होते. मग जर्मन मुलखातून नव्या पदव्या आल्या आणि हा शब्द मागे पडला. आता तो शाळेच्या पुस्तकात होता, आणि आमच्या गावात बाबांपुरता. बाबा म्हणजे आस्गौत स्कोर्वे. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, उतारावर चिंचोळं शेत, साठेक मेंढ्या, दोन गायी. हे नाव त्यांना मिळालं ते एका शिळेमुळे.

एकोणीसशे एकतीसचा उन्हाळा. बाबा एकोणीस वर्षांचे होते. ओढ्यावर पूल म्हणून टाकलेली एक लांब शिळा आजोबांना नव्या गोठ्याच्या पायात घालायची होती. बाबांनी ती पहारीने उलटवली, तर खालच्या अंगाला अक्षरं कोरलेली. उभ्या-तिरप्या रेघांची, दीड हजार वर्षांपूर्वीची लिपी. पाद्र्यांनी शहरात पत्र धाडलं आणि आठ दिवसांनी बोटीतून एक हडकुळा तरुण उतरला, तोर्लाइव मेलूम. तो शिळेसमोर गुडघ्यांवर बसला, बोटाने एकेक अक्षर चाचपत गेला आणि हुंदके देऊन रडायला लागला. आजी सांगायची, तिला वाटलं याला गांधीलमाशी चावली.

शिळेवर लिहिलं होतं: मी, एर्लाझ, अक्षरं कोरतो.

मेलूम का रडला ते सांगायला हवं. आधीच्या शिळांवर हा शब्द 'एरिलाझ' असा सापडायचा. त्याचा अर्थ ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. अक्षरविद्या जाणणारा, असं बरेच जण धरतात. यार्ल हा शब्द यातूनच आला असेल असं विद्वानांना वाटे, पण मधला 'इ' आडवा येत होता. शब्द झिजत आले त्याचे नियम असतात. आमच्या भाषेत असा 'इ' मध्ये असला, तर सुरुवातीच्या 'ए'चा 'या' होत नाही. नसला तरच होतो. आणि आमच्या शिळेवर 'इ' नव्हता. र, आणि त्याला लागून ल. मेलूमला हवा असलेला दुवा आमच्या ओढ्यावर पालथा पडून होता.

त्या शिळेच्या बळावर मेलूम प्राध्यापक झाले. शिळा शहरातल्या संग्रहालयात गेली, तिचा साचा काढून केलेली प्रतिकृती आमच्या अंगणात उभी राहिली, आणि उन्हाळ्यात बोटींतून पाहुणे येऊ लागले. मेलूम दर जुलैला यायचे. गुरुवारी आई बटाट्याचे गोळे आणि खारवलेलं मटण करायची. ते खाता खाता काटा हवेत धरून ते माझ्या बहिणीला सांगायचे, "आधी तलवार नव्हती, हाल्दिस. आधी अक्षर होतं. ज्याला अक्षर येतं त्याला लोकांनी मोठं म्हटलं. तलवार त्याच्या नातवांनी उचलली."

हाल्दिस माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती डोळे विस्फारून ऐकायची. मी टेबलाखाली कुत्र्याला चरबी भरवत असायचो. पुढे ती त्यांच्याच हाताखाली शिकली, त्याच शिळेवर प्रबंध लिहिला, आणि ती शिळा होती त्याच संग्रहालयात नोकरीला लागली. मी मेंढ्यांपाशी राहिलो. आम्हा दोघांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, ती न कळवता बोटीतून उतरली. माझी बायको ओद्लौग कपडे वाळत घालत होती. तिने मला हाक मारली, "एलिंग, तुझी बहीण आलीय. मंगळवारी! कोण गेलं बघ."

कुणी गेलं नव्हतं. हाल्दिस सरळ गोठ्यात आली. कोकरांचे दिवस होते. एका मेंढीचं कोकरू आडवं आलं होतं. मी तिची मान धरून बसलो होतो आणि बाबांचा हात कोपरापर्यंत आत होता.

"आलीस? मग उभी काय राहतेस," बाबा म्हणाले, "ते गोणपाट दे."

तिने दिलं. कोकरू बाहेर आलं, निपचित. बाबांनी त्याच्या नाकात गवताची काडी घातली, तसं ते शिंकलं आणि हलायला लागलं.

"बाबा," हाल्दिस म्हणाली, "शिळा नव्या दालनात हलवली. हलवताना मी तिच्यावर कडेने दिवा धरला."

"बरं."

"बाकीची अक्षरं ठोकून ठोकून खोदलीत. खड्ड्याला खड्डा लावून. ल तसा नाही. ल छिन्नीने कापलाय. एका बाजूने, सफाईने, आपल्या गोठ्याच्या पायाचे दगड कापलेत तसा."

बाबा कोकराला पुसत राहिले. "पूल होता तो. वरून कितीतरी गाड्या गेल्या असतील."

"अक्षरं खालच्या बाजूला होती, बाबा."

मी म्हणालो, "अगं, आल्या आल्या काय लावलंयस? आधी कॉफी तरी घे."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी कोकरू मेंढीच्या तोंडाशी ठेवलं, बादलीत हात धुतले, पुन्हा धुतले. मग भिंतीला टेकून पेंढ्यावर बसले. ते एवढे म्हातारे आहेत हे मला त्या दिवशी दिसलं.

"पहार नव्हती," ते म्हणाले. "पाचर होती. शिळा अख्खी ओढता येईना, म्हणून वडील म्हणाले, दोन तुकडे कर. मी पाचर ठोकली. तुकडे झाले नाहीत, पण खालच्या अंगाची एक कपची उडाली. तळहाताएवढी. मी ती उचलून पाहिली, तर तिच्यावर अर्धं अक्षर. मग शिळा उलटवली."

"अर्धं अक्षर म्हणजे ल."

"मला कुठे वाचता येत होतं?"

"आणखी काय होतं कपचीवर?"

कोकरू उठायचा प्रयत्न करत होतं, पडत होतं.

"एक रेघ होती," ते म्हणाले. "उभी. त्या अर्ध्या अक्षराच्या डावीकडे."

त्या जुन्या लिपीत 'इ' म्हणजे नुसती एक उभी रेघ. हे मलाही माहीत होतं. अंगणातल्या प्रतिकृतीशेजारी पाटीवर सगळी अक्षरं रंगवलेली होती, आणि ती पाटी दर वसंतात मीच पुसायचो.

हाल्दिस खुराकाच्या पेटीवर बसली. "कपची कुठाय?"

"फ्योर्डात. वडील म्हणाले होते, जुनी वस्तू फोडणाऱ्याला फौजदार नेतो. घाबरलो मी. शिळेला पडलेला खळगा घासून सपाट केला, आणि अर्धं उरलेलं अक्षर आधीच्या अक्षराकडे जरा सरकवून पुरं केलं, म्हणजे मधली मोकळी जागा दिसू नये. माझा हात चांगला होता. कुणाला कळलं नाही."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, ठीक. पण नंतर? मेलूम दर उन्हाळ्यात आपल्या टेबलाशी बसून तेच तर सांगायचे. इ नाही, इ नाही म्हणून."

"पहिल्याच वर्षी कळलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात सांगू. मग त्याची नेमणूक झाली. मग लढाई आली. मग तू सहा-सात वर्षांची झालीस आणि त्याच्या शेजारी बसून ती अक्षरं वाचायला लागलीस."

हाल्दिसने तोंड हातात घेतलं. ती रडत नव्हती. तिच्या नखांखाली काळी धूळ होती, आणि ती त्या शिळेचीच असणार असं मला वाटलं.

तिची अडचण अशी होती. मेलूमांनी तीस वर्षं खपून आमच्या भाषेतल्या शब्दांच्या मुळांचा एक मोठा कोश सिद्ध केला होता. आता ते सत्याहत्तरीला आले होते. 'यार्ल'ची नोंद त्यांनी मुद्दाम हाल्दिसला लिहायला दिली होती, लेकीला द्यावी तशी. कोश ऑक्टोबरात छापायला जायचा होता.

दुपारच्या बोटीला मी तिला धक्क्यावर सोडायला गेलो.

"काय करणार आहेस?"

"मेलूमांना सांगणार. आणखी काय करणार?"

"बाबा गेल्यावर सांग."

"तोवर कोश छापून होईल, एलिंग. शंभर वर्षं लोक तो उघडतील आणि माझ्या नावाखाली ते खोटं वाचतील."

"तुझ्या नावाखाली. म्हणजे दुखणं नावाचं आहे."

मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी म्हणालो, "तू शहरात राहतेस. दुकानात त्यांना जायचंय, प्रार्थनेला त्यांना बसायचंय. एका रेघेसाठी तू म्हाताऱ्याला चव्हाट्यावर उभा करणार. शिकलीस खरी!"

"तेच म्हणाले मला, लिही म्हणून."

"कधी?"

"तू मेंढीला पाणी आणायला गेला होतास तेव्हा."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बोट निघाली तेव्हा मी हातही हलवला नाही.

त्या आठवड्यात मी जे केलं, ते आजवर ओद्लौगलाही पुरतं सांगितलेलं नाही. मी मेलूमांना पत्र लिहिलं. लिहिलं की, हल्ली बाबांचं डोकं ठिकाणावर नसतं. जुन्या गोष्टी उलटसुलट सांगतात, न घडलेलं घडलं म्हणतात. परवा तर आईला हाक मारत होते. हाल्दिस लांब असते, तिला हे दिसत नाही. तेव्हा त्यांच्या बोलण्यावर फार विसंबू नये, ही विनंती.

त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बाबांना प्रत्येक मेंढीची आई आणि आजी पाठ होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि ते तिला कधी हाक मारत नसत. तिच्याबद्दल बोलतही नसत. पण मला वाटलं, मी त्यांना वाचवतोय. ओद्लौगने विचारलं, कुणाला लिहितोस? मी म्हणालो, लोकर मंडळाला.

जुलैत मेलूम आले. दर वर्षीसारखेच, राखी टोपी घालून, पण या वेळी हाल्दिस बरोबर होती आणि दोघं बोटीत वेगवेगळ्या बाकांवर बसली होती. ओद्लौगने वाफल केले, तपकिरी चीज आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा काढला. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. गळ्याची गुंडीसुद्धा लावली होती.

मेलूमांनी कॉफीचा एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. "आस्गौत, तुमच्या मुलीने मला एक गोष्ट सांगितलीय. ती मला तुमच्या तोंडून ऐकायची आहे."

बाबांनी सांगितली. गोठ्यात सांगितली तशीच, पाचरीपासून कपचीपर्यंत. आवाज शांत होता. गोष्ट संपल्यावर त्यांनी मेलूमांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पन्नास वर्षं तुम्ही माझ्या घरी जेवलात आणि मी तुम्हाला फसवलं. माफ करा असं म्हणायला मला तोंड नाही. पण म्हणतो."

मेलूमांचा चेहरा पांढरा पडला होता. वाटलं, आता ते उठतील आणि हात पुढे करतील. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. ते मी दुरूनच ओळखलं.

"तुम्ही मुद्दाम खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण या वयात स्मरणाचं काय होतं ते मी स्वतःवरून जाणतो. आणि तुमच्या मुलानेही मला विश्वासात घेऊन लिहिलंय. तुमची तब्येत, तुमचे गोंधळ..."

"कसले गोंधळ?" बाबांनी विचारलं.

मेलूमांनी पाकीट टेबलावर ठेवलं. हाल्दिसने पत्र उचललं आणि वाचलं. मग ते तिने बाबांसमोर ठेवलं, माझ्यासमोर नाही. बाबांनी चष्मा लावला. ते सावकाश वाचत होते, ओठ हलवत, आणि ओठांवरून मला कळत होतं ते कुठल्या ओळीवर आहेत. आईच्या ओळीवर ओठ थांबले.

"हे तू लिहिलंस?"

"बाबा, मला वाटलं..."

"मला वेड लागलंय असं लिहिलंस."

"तुमची अब्रू जाऊ नये म्हणून."

"अब्रू!" ते मोठ्याने ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पन्नास वर्षांनी एकदा खरं बोललो, तर तू मला वेड्यांत काढलंस."

ओद्लौग उठून चुलीपाशी गेली आणि उगाच भांडं हलवत राहिली. मी मेलूमांकडे वळलो आणि म्हणालो, "पत्रातलं खोटं आहे. सगळं. बाबा शुद्धीवर आहेत." बोलायला तेवढंच होतं, आणि त्यालाही उशीर झाला होता.

मेलूमांनी मान हलवली. मग त्यांनी वेगळ्याच, कोरड्या आवाजात विचारलं, "ठीक आहे. मग मला नेमकं सांगा. कपचीवरची ती उभी रेघ. ती कोरलेली होती? की दगडाची चीर होती? थंडीने दगडाला चिरा पडतात, आस्गौत. सरळ उभ्या पडतात. तुम्ही पाचर ठोकली होतीत. तिनेही चीर जाते."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आठवा."

"आठवतंय," बाबा म्हणाले. "रेघ आठवतेय. माझ्या बोटाएवढी. पण कोरलेली की..." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, जणू कपची अजून तिथे होती. "मी क्षणभर पाहिली हो. मी घाबरलो होतो. कोरलेली वाटली. पण शपथेवर सांग म्हणाल, तर नाही सांगता येणार."

"बघ," मेलूम हाल्दिसला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्यांची कीव आली. "बघ! माहीत नाही. चीर असू शकते. वाचन टिकतं."

"टिकत नाही," हाल्दिस म्हणाली.

"का नाही?"

"कारण ल तिथे नव्हता, तो बाबांनी सरकवलाय. मधे जागा होती. त्या जागेत काय होतं ते आपल्याला माहीत नाही. इ होता असंही मी लिहू शकत नाही, नव्हता असंही नाही. ही शिळा या शब्दाबद्दल काहीच सांगत नाही, सर."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मेलूम उठले. त्यांनी टोपी घातली. दाराशी ते थांबले आणि हाल्दिसला म्हणाले, "तुला ती अक्षरं मी शिकवली." तेवढंच. परतीची बोट दोन तासांनी होती. तेवढा वेळ ते धक्क्यावर पाठमोरे बसून राहिले. ओद्लौग त्यांना कॉफीचा थर्मास द्यायला गेली, तो त्यांनी घेतला आणि तिचे आभार मानले. पुढच्या जुलैत ते आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात गेले. मीही मागोमाग गेलो. ते मला 'ये' म्हणाले नाहीत आणि 'येऊ नकोस' असंही म्हणाले नाहीत.

"या या यार्लसाहेब..." ब्योर्गुल्वने सुरू केलं.

"थांब," बाबा म्हणाले. दुकानात सात-आठ माणसं होती. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, पाव-दुधाच्या फळीशी उभं राहून. शिळा मी फोडली. अक्षर मी कोरलं. प्राध्यापकाला मी पन्नास वर्षं फसवलं.

कोणीतरी खाकरलं. मग ब्योर्गुल्व म्हणाला, "म्हणजे अक्षर कोरणारा तूच की रे! मग तर तू खराच यार्ल." तो चांगल्या मनाने म्हणाला होता. एक-दोघं हसलेसुद्धा. बाबा हसले नाहीत. त्यांनी कॉफीचं पुडकं घेतलं आणि निघाले.

त्यानंतर लोकांनी त्यांना यार्ल म्हणणं सोडलं. कुणी ठरवून नाही. लोकांना वाटलं, आता ते लागेल त्यांना. सगळे अदबीने 'आस्गौत' म्हणू लागले, आणि ती अदब त्यांना चिमटे काढायची. संध्याकाळी जेवताना ते म्हणायचे, "आज मला तिघं आस्गौत म्हणाले." ऑगस्टात त्यांनी अंगणातली प्रतिकृती मला काढायला लावली. ती निघता निघत नव्हती. शेवटी ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढली.

माझ्याशी ते बोलायचे, पण मेंढ्यांबद्दल, गवताबद्दल, पावसाबद्दल. पत्राचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी दोनदा काढला. पहिल्यांदा ते उठून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तू घाबरलास. मला ते समजतं. मला तुझा राग यायला हवा होता, पण मला ते फारच नीट समजतं." मला वाटतं, राग परवडला असता.

कोश पुढच्या वसंतात आला. हाल्दिसने एक प्रत टपालाने पाठवली, चिठ्ठी नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरात बसून तिची नोंद काढली. यार्ल. अकरा ओळी. इंग्लंडात तोच शब्द कसा गेला, इतर शिळांवर काय आहे, कोण विद्वान काय म्हणतो. आणि शेवटी: स्कोर्वेच्या शिळेवरील वाचन सदोष असून पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. शब्दाचे मूळ अनिश्चित.

बाबांना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "माझं नाव आहे?"

"नाही."

"तिने घातलं नाही?"

"नाही."

त्यांनी कोश माझ्या हातून घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अनिश्चित," आणि पुन्हा एकदा तोच शब्द, चव घेतल्यासारखा. "तरी तिने नोंद पुरी केली. मला जमलं नसतं."

मेलूमांचं नाव कोशाच्या पहिल्या पानावर होतं. 'यार्ल'च्या नोंदीवरून त्यांनी आपली सही मागे घेतली होती असं पुढे कळलं. त्या हिवाळ्यात ते गेले. हाल्दिस दफनाला गेली, तर त्यांच्या बायकोने तिच्याशी हात मिळवला नाही. संग्रहालयातल्या दोघा-तिघांनी तिच्या खोलीत कॉफीला येणं बंद केलं. हे तिने मला सांगितलं नाही. ओद्लौगची बहीण शहरात असते, तिच्याकडून कळलं.

बाबा शहाऐंशीच्या फेब्रुवारीत गेले, दोन दिवस तापात राहून. हाल्दिस आली, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसली. आम्ही एकाच प्रार्थनापुस्तकातून गायलो आणि ती त्याच दिवशी परतली. धक्क्यावर म्हटलेलं वाक्य चार वर्षं आमच्या मधे पडून होतं, आणि माझं पत्र त्याच्याही वर.

त्याच वर्षी सप्टेंबरात, मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या वेळी, माझा घोटा सुजला होता. ओद्लौगने मला न विचारता हाल्दिसला फोन केला. ती आली, बाबांचे जुने बूट दोन जोडी मोजे घालून चढवले आणि डोंगर चढायला लागली; मी काठी टेकत मागोमाग. शेहेचाळीस वर्षांची बाई, पण चढत होती पोरीसारखी. धुकं उतरलं म्हणून आम्ही वरच्या दगडी खोपीत थांबलो. तिने फ्लॅटब्रेड मोडून अर्धा मला दिला.

"मी तुला धक्क्यावर जे बोललो," मी म्हणालो.

"हं."

"ते चूक होतं."

"सगळं नाही," ती म्हणाली. "नावाचं दुखणं होतंच मला. थोडंफार." तिने मोज्यात गेलेलं गवत काढलं. "पत्राचं मात्र मी विसरलेली नाही, एलिंग. विसरेन असं वाटतही नाही. हे तुला माहीत असलेलं बरं."

"माहीत आहे."

"मी गप्प राहिले असते तर बाबा सुखाने गेले असते, असं अजून वाटतं तुला?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "कधी कधी," मी म्हणालो.

"मलाही," ती म्हणाली. "कधी कधी."

आम्ही उठलो. धुक्यातून घंटांचा आवाज येत होता, खाली ओढ्याच्या अंगाला. कुत्र्याने वळसा घालून मेंढ्या आमच्याकडे आणल्या. त्यांत एक दांडगी, राखाडी तोंडाची होती. हाल्दिसने तिला शिंगांना धरून गुडघ्यांत दाबली, आणि मी तिचा कान उलटवून खूण पाहिली.

"आपली?" तिने विचारलं.

"नाही. पलीकडच्या शेतावरची."

तिने पकड सोडली, आणि आम्ही बाकीच्या मेंढ्यांमागून खाली निघालो, ती डावीकडून, मी उजवीकडून.